किती भरलं?

ट्रेकिंगच्या कुठल्याही ग्रुपात काही माणसं ठरलेली असतात. एक इतिहासवाला असतो. चढावर दम लागला की त्याला नेमकी तिथलीच लढाई आठवते आणि सगळ्यांना दहा मिनिटं बूड टेकायला मिळतं. एक दोरवाला असतो. त्याच्या दोराने आजवर ओले कपडे सोडून कुणालाही वर खेचलेलं नसतं. एक गुडघेवाला असतो, तो घरूनच पट्टा बांधून निघतो, वाटभर कण्हतो आणि सगळ्यांच्या आधी वर पोचून चहा पीत बसतो. आणि आता या मंडळींत एका भट्टीवाल्याची भर पडली आहे. हा गडावर जाऊन केक भाजतो.

पूर्वी गडावर खिचडी शिजायची. तीन दगड, ओली लाकडं, डोळ्यांत धूर आणि खाली लागलेली खिचडी. मग मॅगी आली. मग मुठीत मावणारे गॅसचे स्टोव्ह आले आणि काही लोकांच्या डोक्यात आलं की ज्यावर पाणी उकळतं त्यावर केक का होऊ नये? पुण्याचा भट्टीवाला ब्राउनी करतो आणि ती उत्तम झाली आहे हे आपण तोंडात घालायच्या आत सांगून टाकतो. मुंबईचा भट्टीवाला दालचिनीपासून चॉकलेटच्या किसापर्यंत सगळं आणतो आणि लायटर विसरतो. आमचा भट्टीवाला मैंदर्गीचा आहे.

मैंदर्गी अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटकाच्या हद्दीला खेटून. घरात कन्नड, कचेरीत मराठी आणि भांडणात दोन्ही, अशी तिथली वहिवाट. चहूकडे रान, तूर, ज्वारी आणि वर आभाळ. डोंगर नावाची वस्तू बघायची तर तिथल्या माणसाला एसटीचं तिकीट काढावं लागतं. उंच म्हणण्याजोगं काही असेल तर चांगल्या पावसाच्या वर्षी वाढलेली तूर. अशा गावातला माणूस साठी उलटल्यावर सह्याद्रीत जातो आणि तिथे केक भाजतो, याचं मैंदर्गीला फारसं नवल नाही. ‘अण्णा काय बी करतेत’ एवढ्यावर गावाने विषय संपवला आहे.

अण्णा दुधनीच्या बाजार समितीत तोलार होते. तोलार म्हणजे शेतकऱ्याचा माल काट्यावर घालून वजन पुकारणारा माणूस. शेतकऱ्याला वाटतं तो अडत्याचा, अडत्याला वाटतं तो शेतकऱ्याचा, आणि दोघंही काट्याकडे न बघता त्याच्या तोंडाकडे बघत असतात. जन्मभर अण्णांनी तुरीची पोती मोजली. शब्द एकच, ‘किती भरलं?’ निवृत्तीनंतर पोती गेली, शब्द राहिला. नातू झाल्याचा फोन आला तेव्हाही त्यांचा पहिला प्रश्न हाच होता. अर्थात तेव्हा तो सगळेच विचारतात म्हणून खपून गेला. पण जावई घरी आला की त्यालाही हातातल्या पिशवीसकट डोळ्यांनी तोलतात, हे काकू स्वतः सांगतात.

केकाचं खूळ 2020 च्या टाळेबंदीतलं. त्या उन्हाळ्यात बिस्किटांचा चुरा, दूध आणि इनो यांचा केक ज्याच्या घरी झाला नाही असं घर सोलापूर जिल्ह्यात सापडणं कठीण. लोकांनी चार वेळा केला, कंटाळले, इनो पुन्हा पोटासाठी वापरायला लागले. अण्णांनी मात्र त्यात काटा घातला. बिस्किटं किती, दूध किती, भाजल्यावर किती भरला, वाफेत किती गेलं. मळणीनंतर तुरीतला ओलावा उडून वजन घटतं तशीच केकातही घट, बाजारात म्हणतात तो कडता, धरायची असते, हा त्यांचा सिद्धान्त. भाजलेल्या केकाची त्यांनी प्रतवारीही लावली. चांगला झाला तर एफएक्यू, म्हणजे सरकारी हमीभावाला तूर घेताना लावतात तो दर्जा. मध्येच बसला तर मध्यम. आतून कच्चा राहिला तर ‘भिजका माल’. भिजका माल ते दुसऱ्याच्या पानात वाढत नाहीत, स्वतः खातात. धंद्यातली सचोटी.

काकूंनी काही महिने सोसलं. एके दिवशी अण्णा दिवाळीच्या शंकरपाळ्या तळायच्या आधी आणि तळल्यानंतर मोजायला निघाले तेव्हा त्यांनी काट्यासकट त्यांना परसात बसवलं. परसात गॅस नव्हता, म्हणून छोटा स्टोव्ह आला. पुढे डॉक्टरांनी चालायला सांगितलं. अक्कलकोटहून गाणगापूरला निघालेले पदयात्री मैंदर्गीवरूनच जातात, अण्णा त्यांच्याबरोबर चालू लागले. मुक्कामाच्या झाडाखाली स्टोव्ह मांडला आणि स्वामींच्या भक्तांना शेंगदाण्याच्या कुटाचा केक खाऊ घातला. लोक प्रसाद समजून हात जोडून घेत होते. अण्णांना हे फार आवडलं. तिथून नळदुर्ग आणि नळदुर्गाहून सह्याद्री, असा तो प्रवास.

आता हलक्या सामानाचं सांगितलं पाहिजे, कारण खरी गंमत तिथे आहे.

पाठीवरचं ओझं कमी करायची एक जागतिक चळवळ आहे. तिचे भक्त टूथब्रशची दांडी अर्धी कापतात, सदऱ्याच्या कॉलरमागची चिठ्ठी उसवतात, नकाशाच्या कडा कात्रीने उडवतात. अण्णांना हे कुणीतरी मोबाइलवर दाखवलं आणि त्यांना साक्षात्कार झाला की जगात आपल्यासारखे लोक आहेत. त्यांची सॅक भरणं म्हणजे लिलावाचा दिवस. प्रत्येक वस्तू काट्यावर जाते आणि वहीत चढते. टॉवेल अर्धा फाडलेला. साबणाची वडी चपटी झालेली, तीच मुद्दाम जपून ठेवलेली. चष्म्याचं घर बाद, चष्मा टोपीत. किल्ल्यांच्या जुडग्यातल्या दोन किल्ल्या घरी. खुद्द काट्याचं वजन काट्यावर होईना, म्हणून अक्कलकोटला एका सराफाकडे जाऊन ते करून आणलं.

आणि एवढ्या काटकसरीने जे वाचलं त्यात काय जातं? कणीक, गुळाची पावडर, दूध पावडर, कूट, तेलाची बाटली, वेलदोडे, इनोच्या पुड्या, जर्मनची दोन पातेली एकात एक बसणारी, पत्र्याची ताटली, गॅसचं नळकांडं आणि हा सगळा पसारा झाकायला सोलापुरी टॉवेल. अख्खा. अंग पुसायचा टॉवेल अर्धा आणि केक गुंडाळायचा अख्खा. मी एकदा हे दाखवून दिलं तर म्हणाले, “अंगाला काय बे, वारं लागलं तरी वाळतंय. केकाला वारं लागलं तर बसतोय.”

याला उत्तर नाही, हे तुमच्याही लक्षात आलं असेल.

अण्णांच्या शास्त्राबद्दल मात्र कुणी हसू नये. ते पक्कं आहे. छोट्या स्टोव्हची ज्योत बोटभर जागेत एकवटलेली, पातेल्याचा पत्रा पातळ. त्यावर थेट पीठ ओतलं तर मध्ये कोळसा आणि कडेला लापशी. म्हणून दोन पातेली. मोठ्या पातेल्यात तळाला तीन खडे, त्यावर पिठाचं छोटं पातेलं. खडे डोंगरावरचे, तिथेच उचलायचे, तिथेच टाकायचे. वहीत त्यांच्यापुढे ‘शून्य’ असं लिहिलेलं मी पाहिलं आहे. ओढ्यातला खडा मात्र घ्यायचा नाही, आत पाणी मुरलेलं असलं तर तापल्यावर फुटतो. मोठ्या पातेल्यात दोन बोटं पाणी घातलं तर वाफेचा केक. हा कधी करपत नाही, पण वरून पांढराफटक राहतो, कारण वाफ काही केल्या पाण्याच्या उकळीच्या वर तापत नाही आणि तांबूस रंग यायला त्याच्या पुष्कळ वरची धग लागते. पाणी न घालता केला तर कोरडा केक. हा रंगाने देखणा, वासाने गाव गोळा करणारा, आणि दर दोन मिनिटांनी पातेलं पाव फेरा फिरवलं नाही तर एका बाजूला जळणारा. अण्णा कोरड्या पंथाचे. वाफेच्या केकाला ते “ढोकळा” म्हणतात, आणि म्हणताना आवाज पडतो.

अमेरिकेत या कामासाठी काचतंतूच्या कापडाची टोपीच निघाली. पातेल्यावर घातली की ज्योतीची धग बाजूंनी वर चढून झाकणावरून फिरते आणि वरूनही भाजलं जातं. अण्णांनी तिचं चित्र बघितलं आणि म्हणाले, वरखाली विस्तव ठेवायची अक्कल आपल्या आजीला होती की. आहेच. झाकणावर निखारे ठेवून भाजणं जुन्या स्वयंपाकघरात कुणाला नवं नव्हतं. गोव्यात बेबिंकाचा एकेक थर अजूनही वरच्या आगीवर भाजतात. पण अण्णा निखारे वापरत नाहीत. लाकूड पेटवायचं नाही, लेण्यांच्या भिंतींना काजळी धरते आणि धुराने आग्यामोहोळ उठतं, हा त्यांचा पहिला नियम. तंबूत स्टोव्ह लावायचा नाही, हा दुसरा. आणि वाऱ्याला आडोसा करताना नळकांड्याला चहूबाजूंनी पत्रा लावायचा नाही, नाहीतर तेच तापून उडतं. एक बाजू मोकळी पाहिजे. ही मोकळी बाजू म्हणजे बहुतेक वेळा आमच्यातला कुणीतरी. अण्णा त्याला वाऱ्याकडे तोंड करून बसवतात आणि केक होईस्तोवर हलू देत नाहीत.

या सगळ्या स्टोव्हवाल्यांचा मूळ पुरुष म्हणजे स्वीडनचा लिंडक्विस्ट. 1892 साली त्याने काजळी न धरणारा, हवा भरायचा रॉकेलचा प्राइमस स्टोव्ह काढला. तोच स्टोव्ह पुढे ध्रुवावरच्या मोहिमांत गेला, 1953 साली एव्हरेस्टवर गेला आणि त्याचीच भावंडं आपल्या घरोघरी फरफरत राहिली. अण्णांच्या घरचा माळ्यावर आहे, पिन मारायच्या पात्यासकट. “हिलरीनं त्याच्यावर काय केलं? बर्फ वितळवला,” अण्णा म्हणतात. “बर्फच वितळवायचा तर एवढं वर कशाला जायाचं?” पाणी उंचावर लवकर उकळतं याचाही त्यांना राग आहे. दर तीनशे मीटरला जवळपास एक अंशाने उकळी खाली येते. मैंदर्गीत जे पाणी अठ्ठ्याण्णव-नव्याण्णव अंशांवर उकळतं ते 1646 मीटरच्या कळसूबाईवर पंच्याण्णवच्याही आत उकळतं. निसर्गाने काटा मारला, असं त्यांचं म्हणणं.

एवढं करून या माणसाने गड किती पाहिले? एकही नाही. म्हणजे चढले पुष्कळ. पण कोरड्या केकाला अर्धा तास लागतो, आधी मांडामांड, नंतर निवणं, आणि सूर्यास्त नेमका त्याच वेळी असतो. सगळे कड्यावर, बुरुजावर, अण्णा पातेल्यापाशी. आमच्या गावाकडचे लोक त्यांना कौतुकाने विचारतात, अण्णा, राजगड कसा आहे? अण्णा सांगतात, “वारं लई.” रतनगड? “आडोसा चांगलाय.” तोरणा? “जागा सपाट न्हाई, एका अंगाला फुगतोय.” ऐकणाऱ्याला वाटतं माणूस किल्ल्याबद्दल बोलतोय. इतिहासवाल्याने एकदा डोळ्यांत पाणी आणून सुवेळा माचीचं वर्णन केलं, तेव्हा अण्णा मन लावून ऐकत होते. शेवटी म्हणाले, “तिथं नऊ ग्रॅम गॅस जास्ती गेला.”

हरिश्चंद्रगडाची गोष्ट सांगतो, म्हणजे बाकीचं सांगायला नको.

निघायच्या आधीच गोंधळ. गॅसचं नळकांडं रेल्वेतून नेणं गुन्हा. 1989 च्या रेल्वे कायद्यातलं 164 वं कलम अण्णांना तोंडपाठ आहे आणि गाडीत समोर बसलेल्या अनोळखी माणसालाही ते ऐकवतात, विशेषतः त्याच्या सामानात काही गोल दिसलं तर. त्यामुळे नळकांडं पुण्यात घ्यायचं. दुकानदाराने चार पुढे ठेवली. अण्णांनी चारही मोजली, जे सगळ्यांत भारी भरलं ते घेतलं. दुकानदार म्हणाला, काका, कंपनीचं असतं, सारखंच असतं. “मग तुला काय हरकत आहे?” अण्णा म्हणाले.

खिरेश्वरकडून चढायचं ठरलं होतं. वाटेत तोलार खिंड लागते. दगडात कोरलेला वाघ बघायला सगळे थांबले, इतिहासवाला सुरू झाला. अण्णांनी वाघाकडे ढुंकून पाहिलं नाही, पाटीला नमस्कार केला. “आपल्या माणसाची खिंड आहे,” म्हणाले, “इथं वजन पुकारायला पाहिजे,” आणि खरोखरच काटा काढून सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या मोजल्या. जो जास्त प्यायला होता त्याला पुढे पुरवून प्यायला सांगितलं. पुढे कातळाला धरून चढायचे टप्पे आहेत. तिथेही अण्णा चुटकन चढले. त्यांचा सगळा जीव इनोच्या पुड्यांत होता. घामाने ओल्या झाल्या की जागीच फसफसतील आणि वर जाऊन उपयोग शून्य. त्या त्यांनी टोपीत, चष्म्याशेजारी ठेवल्या होत्या.

वर पाचनईकडच्या लोकांच्या झोपड्या आहेत. पिठलं, भाकरी, ठेचा, चहा. झोपडीतल्या मावशींनी अण्णांचं वय बघून आपणहून ओट्यालगत बसायला जागा दिली. अण्णांनी तिथे दुकान मांडलं. मुठीएवढ्या स्टोव्हचे तीन पाय उघडले, नळकांड्यावर फिरवून बसवला, पत्रा उभा केला, खडे मांडले. मावशी भाकरी थापता थापता बघत होत्या.

“बाबा, हे काय करताय?”

“केक.”

“येवढ्याशा वाटीत कुणाचं पोट भरणार?”

“पोट भरायला न्हवं, मावशी. गोड.”

“मग गुळाचा खडा खा की.”

आम्ही हसू दाबलं. अण्णा हसले नाहीत. त्यांच्या मते तो प्रश्न रास्त होता, आणि उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

सूर्य कलला तसे सगळे कोकणकड्याकडे निघाले. एकेकाळी याच कड्यावर कर्नल साइक्सला इंद्रवज्र दिसलं, गोल पुरं इंद्रधनुष्य, मध्ये बघणाऱ्याची स्वतःची सावली. इतिहासवाल्याला आशा होती. मी म्हणालो, अण्णा, आज तरी चला, परत कधी येणार? त्यांनी हातातला डाव पिठात फिरवायचा थांबवला. “मी काय डोंगर बघायला येलालोय व्हय?” म्हणाले. मग कशाला आलात, हे विचारायचं माझ्या ओठांवर होतं, पण इनो पडला होता. इनो पडल्यावर अण्णांशी बोलायचं नसतं. सोडा आणि आम्ल पाण्याला भेटले की बुडबुडे लगेच धरतात. ते निसटायच्या आत पीठ धगीवर गेलं पाहिजे. त्या मिनिटाभरात अण्णा कुणाचेच नसतात. मी थांबलो. कुणीतरी मोकळी बाजू व्हायला हवंच होतं.

तेवढ्यात तरुण पोरांचं एक टोळकं आलं. त्यांच्यातल्या एकाचा वाढदिवस. दुसऱ्याच्या हातात पुठ्ठ्याचा चौकोनी खोका. पाचनईहून इतका चढ हा खोका त्यांनी आळीपाळीने, तान्हं मूल आणावं तसा आडवा धरून आणला होता. आत दुकानचा केक, पांढऱ्या क्रीमचा, वर नाव. क्रीम एका बाजूला ढळलं होतं, नावातलं शेवटचं अक्षर घसरलं होतं, पण एकंदरीत केक शाबूत.

अण्णांनी त्या खोक्याकडे पाहिलं. मला वाटलं आता यांना वाईट वाटणार. इतकी यातायात करून अर्धा टॉवेल, अर्धा साबण घेऊन माणूस इथे येतो आणि ही पोरं सरळ दुकानातून आणतात. पण माणसं आपल्याला वाटतात तशी नसतात. अण्णांचे डोळे चमकले.

“किती भरला?”

“अं?”

“वजन, वजन. किती म्हणून घेतला?”

“अर्धा किलो, काका.”

काटा बाहेर आला. खोका जसाच्या तसा वर ठेवला. चारशे नव्वद. मग केक त्यांनी पोरांकडून पत्र्याच्या ताटलीवर काढून घेतला, रिकामा खोका आणि केकाखालचा सोनेरी पुठ्ठा वेगळे मोजले, आणि वजाबाकी करून उभे राहिले. दुधनीच्या आवारात उभे राहायचे तसे.

“तीनशे चौऱ्याऐंशी! खोक्यासकट माल घातलाय तुमच्या पदरात. बिल आहे का?”

पोरांना आधी मजा वाटली, मग राग आला, मग बिल सापडलं. अण्णांनी त्यांना 2009 चा वैधमापन कायदा समजावला. खोक्याचं वजन मालात धरता येत नाही, वजनमापे निरीक्षकाकडे तक्रार करता येते, ती कशी लिहायची, वर काय लिहायचं, खाली काय लिहायचं. वाढदिवसाच्या पोराच्या हातात मेणबत्ती तशीच राहिली. एकाने रेंज शोधत शोधत कातळावर चढून दुकानदाराला फोन लावला. दुकानदार आधी नाही म्हणाला, मग ‘क्रीम वाटेत उडालं असेल’ म्हणाला. अण्णा खालून ओरडत होते, “कडता किती धरला विचार त्याला! कडता!”

मी बसल्या जागेवरून हे सगळं पाहत होतो आणि मला वास आला. तुम्ही ओळखलंच. पातेलं पाव फेरा फिरवायचं राहिलं होतं. दर दोन मिनिटांनी जे व्हायला हवं ते पंधरा मिनिटं झालं नव्हतं. अण्णांनाही वास आला. ते धावले, स्टोव्ह बंद केला, टॉवेलने पातेलं धरून उघडलं आणि पोती शिवायचं दाभण केकात खुपसलं. अण्णांकडे केक तपासायला दाभण असतं. एका अंगाला ते कोरडं बाहेर आलं. दुसऱ्या अंगाला आतच गेलं नाही.

“अर्धा एफएक्यू,” अण्णा म्हणाले.

मावशी उठून आल्या. वाकून बघितलं. जळक्या बाजूचा तुकडा मोडून तोंडात टाकला, सावकाश चावला. “ह्ये बरंय,” म्हणाल्या. “खरपूस लागतंय. भाकरीसंगं खाल्लं तर?” आणि पाटीतली भाकरी आणून अण्णांच्या पुढ्यात ठेवली.

अण्णा जे करायचे तेच त्यांनी केलं. भाकरी काट्यावर टाकली. एकशे अठरा ग्रॅम. सवयीने वहीत लिहिलं. मावशींनी दुसरी दिली. एकशे अठरा. अण्णांनी चष्मा पुसला. तिसरी मागून घेतली. एकशे अठरा. पाटीतल्या सगळ्या झाल्या. एक तेवढी एकशे सतरा भरली. “तिचा पापुद्रा पोरानं खाल्ला आत्ता,” मावशी म्हणाल्या. त्यांच्या झोपडीत ना काटा होता ना माप. परातीतून पिठाचा गोळा उचलायचा, थापायचा, तव्यावर टाकायचा. अण्णांनी काटा उलटा करून पाहिला. सेल काढून परत घातले. रिकामा काटा शून्यावर आणला, त्यावर नवं, न फोडलेलं इनोचं पाकीट ठेवलं, बघितलं, उचललं. पुन्हा भाकरी ठेवली. मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

“काटा बिघडलाय,” अण्णा म्हणाले.

कातळावरचा पोरगा फोन कानाला तसाच धरून खाली आला होता. त्याचा चेहरा उतरला.

“काका, मग आमचा केक? मी दुकानदाराला काय काय बोललोय!”

अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं, भाकरीचा तुकडा मोडला, जळक्या केकाच्या चुऱ्यात बुडवला.

“तुझ्या केकाला बरोबर होता,” म्हणाले. “आत्ता बिघडला.”